शालेय वार्तापत्राचं छपाई पॅकेज: छपाई झकास, प्रूफ मात्र भलत्याच टेबलावर

कोल्हापुरातल्या एका ऑफसेट प्रेसचं 'शालेय वार्तापत्र' पॅकेज सध्या माध्यमिक शाळांत फिरतंय. ए फोर आकाराची आठ पानं, डीटीपी, मांडणी, दोन प्रूफं (छपाईआधी तपासायला मिळणाऱ्या प्रती), छपाई, घडी आणि पिना, सगळं एका दरात. वार्षिकांकाच्या जाडजूड बाडापेक्षा सत्रात दोनदा निघणारा आठ पानी अंक मुलांना बातमीदारी शिकवायला केव्हाही चांगला, त्यामुळे कल्पना पटते. प्रेसचं नाव मुद्दाम देत नाही. यातल्या अर्ध्या अडचणी प्रेसच्या आहेत, अर्ध्या शाळांच्या.

आधी छपाईचं. कागद ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) जाडीचा मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा पांढरा कागद, तो योग्यच. कोणी ६० वर उतरायला सांगितलं तर मागच्या पानावरचा फोटो पुढच्या मजकुरातून डोकावतो. ए थ्रीचे दोन ताव एकात एक घातले की आठ पानं होतात. या मापावर एकरंगी अंकाला चार प्लेटा (ज्यांवरून शाई कागदावर उतरते ते पत्रे) लागतात, चाररंगीला सोळा, कारण प्रत्येक शाईची प्लेट वेगळी. हा हिशेब शाळेने ध्यानात ठेवावा, कारण प्लेट झाल्यावर सुचलेली दुरुस्ती इथेच महाग पडते. मजकूर निव्वळ काळ्या शाईत असेल तर एकच प्लेट बदलते. वर्डमधला मजकूर तसाच चाररंगी पानात ओतला असेल तर काळं अक्षर चारही शाईंतून बनतं, मग चारही प्लेटा नव्याने काढा. शिवाय रंग केसभर सरकला तरी बारीक अक्षराला सावली येते. प्रूफ बघताना 'मजकूर फक्त काळ्यात आहे ना?' हे ऑपरेटरला स्पष्ट विचारा.

फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत, नाहीतर ते दाबले जातात. १२ सेंटिमीटर रुंद छापायचा फोटो किमान १४०० पिक्सेल रुंद हवा. युनिकोडमधलं (मोबाइलवर टाइप होतं तसलं) मॅटर डीटीपीच्या जुन्या फाँटात नेताना रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागा सोडतात, 'ऱ्या'चं तर काहीही होतं. 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द प्रूफात सगळ्यात आधी शोधा. तो शाबूत असेल तर बाकीचं बहुधा ठीक असतं.

आता मुख्य तक्रार. पॅकेजच्या फॉर्मवर मंजुरीची सही एकच आहे, मुख्याध्यापकांची. प्रूफाची पीडीएफ त्यांच्याच फोनवर जाते आणि दुरुस्त्याही तिथूनच थेट ऑपरेटरला येतात. विद्यार्थी संपादकाला फॉर्मवर रकाना नाही. 'पान तीनवरची पाण्याच्या टाकीची बातमी काढा, तिथे स्नेहसंमेलनाचा फोटो घ्या' असा फोन आला की ऑपरेटर पाच मिनिटांत पान बदलतो. त्याचं काय चुकलं? त्याला सही त्यांचीच दाखवलेली असते. मुलांना मात्र गठ्ठा फोडल्यावर कळतं.

शालेय पत्रकारितेतला जगभर सांगितला जाणारा खटला नेमका प्रूफाच्याच टप्प्यावर घडला होता. अमेरिकेतल्या हेझलवूडच्या शाळेत 'स्पेक्ट्रम' या विद्यार्थी वृत्तपत्राचा अंक १३ मे १९८३ ला निघायचा होता. प्रूफं मुख्याध्यापकांकडे १० मे रोजी पोचली. गर्भवती विद्यार्थिनींवरच्या लेखात नावं बदललेली असली तरी मुली ओळखू येतील आणि घटस्फोटावरच्या लेखात ज्या वडिलांवर ठपका ठेवलाय त्यांची बाजूच नाही, असे त्यांचे आक्षेप होते. दुरुस्तीला वेळ नाही म्हणून त्यांनी दोन अख्खी पानं काढली आणि त्या पानांवरचे इतर लेखही गेले. १९८८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण त्यातली मेख उपयोगाची आहे: आक्षेप दोन परिच्छेद सुधारून मिटण्यासारखे होते, तीन दिवसांच्या मुदतीने त्यांची दोन पानं केली.

म्हणून या प्रेसकडे जाताना फॉर्म बदलून घ्या. प्रेसची याला ना नसते, शाळेनेच मागितलेलं नसतं. प्रूफ एकाच वेळी विद्यार्थी संपादक, मार्गदर्शक शिक्षक आणि मुख्याध्यापक अशा तिघांना जावं. प्लेटेआधी किमान पाच दिवस हातात असावेत. आणि एखादी बातमी काढायची तर कारण प्रूफाच्या समासात लिहून द्यावं लागेल, तोंडी फोन चालणार नाही. कारण लिहायची वेळ आली की 'शाळेची बदनामी' हे मोघम शब्द पुरत नाहीत. नेमकं कुठलं वाक्य खोटं आहे ते दाखवावं लागतं.

याचा अर्थ मुलांनी काहीही छापावं असा नाही. कोल्हापूरकरांना तर हा धडा घरचाच आहे. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे संस्थानच्या गादीवरच्या चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ करतात, असं दाखवणारी पत्रं 'केसरी' आणि 'मराठा'ने छापली. पत्रं बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर या दोघांना अब्रुनुकसानीपायी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू चांगला असणं पुरत नाही. कागद कुणी, कधी लिहिला हे तपासावंच लागतं.

प्रेस सोबत नमुना अंक देते. त्यात पंचगंगेच्या पुराची एक बातमी आहे आणि तीत राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ४३ फूट छापलीय. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ वर. पावसाळ्यात इथलं शेंबडं पोरही हे आकडे सांगेल! नमुन्यातच ही गत, तर जागा भरायला ते देतात ते तयार मॅटर न घेतलेलंच बरं.

कायद्याचा एक मुद्दा प्रेसला ठाऊकच नसल्यासारखा दिसतो. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे कायद्याशी संघर्षात आलेल्या (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या), काळजीची गरज असलेल्या, किंवा गुन्ह्यात बळी वा साक्षीदार असलेल्या बालकाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शालेय अंकात शाळेचं नाव मास्टहेडवर, म्हणजे अंकाचं आणि संपादकाचं नाव छापतात त्या पट्टीवर, ठळक असतंच. त्यामुळे 'आठवी ब मधल्या एका मुलीला' एवढं लिहिलं तरी मधल्या सुट्टीत सगळ्यांना मुलगी कळते. नाव बदलून भागत नाही. इयत्ता, तुकडी, गल्ली, बसचा मार्ग, सगळं गाळावं लागतं. तरीही ओळख उरत असेल तर बातमी व्यक्तीऐवजी विषयावर करावी.

जाहिरातीची सवलत आकर्षक आहे, पण अट वाचा. मागचं पान एका क्लासला आणि आत अर्धं पान त्याच क्लासची 'यशोगाथा'. ती बातमीच्याच फाँटात, वर 'आमच्या प्रतिनिधीकडून'. मागचं पान खुशाल द्या. आतलं द्यायचंच तर चौकट आणि वर 'जाहिरात' हा शब्द मजकुराएवढ्या आकारात, एवढं फॉर्मवर लिहून घ्या.

संपादक म्हणून मुख्याध्यापकांचं नाव आणि मुलं 'विशेष साहाय्य'मध्ये, हा साचाही आधीच बदलून मागा. मास्टहेड एकदा बसला की पुढच्या अंकाला तोच उचलला जातो.

मॅटर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात द्यावं. दिवाळी अंकांची गडबड उरकलेली असते आणि ऑपरेटर शेजारी बसवून पान दाखवतो. डिसेंबर लागला की मशिनवर कॅलेंडरं आणि डायऱ्या चढतात, मागोमाग लग्नपत्रिका. तेव्हा प्रूफ संध्याकाळी येतं आणि 'सकाळी प्लेट काढतोय, लवकर बघा' असा निरोप त्याच्यासोबतच येतो.