बहिणीच्या अर्जाचे साडेतीन हजार डॉलर

मला २०१७ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले आणि दोन वर्षांनी, इचलकरंजीला राहणाऱ्या धाकट्या बहिणीला तिच्या कुटुंबासह इकडे बोलवावे असे घरात ठरले. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या गणेशोत्सवात एका गृहस्थांशी ओळख झाली. ओक ट्री रोडवर किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचे कार्यालय होते, दारावर ‘नोटरी’ अशी पाटी होती आणि बोलणे घरच्यासारखे मराठीत होते. आपल्याकडे नोटरी बहुधा वकीलच असतो, त्यामुळे मी निर्धास्त राहिलो. अमेरिकेत नोटरीचे काम सह्या साक्षांकित करण्यापुरते असते. इमिग्रेशनचा कायदेशीर सल्ला वकील किंवा न्याय खात्याची मान्यता असलेला प्रतिनिधीच देऊ शकतो, हे मला फार उशिरा कळले.

त्यांचे खोटे अर्धे खरे होते, म्हणूनच ते आमच्या गळी उतरले. नागरिकाच्या आईवडिलांना व्हिसाच्या वार्षिक मर्यादेची आडकाठी नसते, हे आम्हाला ठाऊक होते. त्याचाच धागा पकडून, ‘बहिणीचे काम थोडे लांबते, पण पाच-सहा वर्षांत करून देतो,’ असे त्यांनी सांगितले. वास्तविक भावंडांसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला सुमारे ६५,००० व्हिसा असतात, त्यावर प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा असते आणि २०२२ मध्ये भारतातून २००५ साली अर्ज केलेल्यांचा नंबर लागत होता. ही रांग पैसे देऊन कोणालाही ओलांडता येत नाही.

नातेवाइकाला बोलावण्यासाठीच्या ‘आय-१३०’ अर्जाची सरकारी फी तेव्हा ५३५ डॉलर होती. त्यांनी ३,५०० घेतले. त्यात ५०० भाच्याचे नाव घालण्याचे, ज्याला मुळात वेगळी फीच नाही. चेक त्यांनी स्वतःच्या नावाने घेतला. तो सरकारी खात्याच्या नावाने दिला असता, तर वटल्यावर त्याच्या मागे पावती क्रमांक छापून आला असता. अर्जावर तयार करणाऱ्याचे नाव लिहायचा रकाना त्यांनी कोरा ठेवला. ‘घरच्याच माणसाने भरलेला बरा दिसतो,’ हे त्यांचे स्पष्टीकरण मला तेव्हा पटलेही.

महिन्याभरात पावती आली. ती मी फाइलमध्ये जपून ठेवली आणि तीन वर्षे उघडून पाहिली नाही.

२०२२ मध्ये इथेच राहणाऱ्या मेव्हण्याच्या, म्हणजे बायकोच्या भावाच्या, मुलीचा प्रश्न उभा राहिला. ती पाच वर्षांची असताना, २००६ मध्ये, एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर, आली होती. एकवीस पूर्ण होताच तो व्हिसा संपणार होता. त्याच गृहस्थांनी तिला ‘डिफर्ड अ‍ॅक्शन’, म्हणजे लहानपणी आलेल्या पण वैध दर्जा नसलेल्यांची हद्दपारी लांबवणारी सवलत, मिळवून देतो म्हणून २,००० डॉलर मागितले, आणि त्यासाठी आधी व्हिसा संपू द्यावा असा सल्ला दिला. मेव्हणा सावध निघाला आणि मला घेऊन खऱ्या वकीलबाईंकडे गेला. त्यांनी सांगितले की १५ जून २०१२ रोजी जाहीर झालेल्या त्या योजनेसाठी त्याच दिवशी अर्जदाराकडे वैध दर्जा नसावा लागतो. मुलीकडे तर एच-४ होता. शिवाय जुलै २०२१ च्या टेक्सासमधील न्यायालयीन आदेशानंतर नवे अर्ज स्वीकारले जात, पण मंजूर होत नसत. व्हिसा संपून ती १८० दिवसांहून जास्त काळ राहिली असती, तर देश सोडल्यावर तीन वर्षे परत येण्यास बंदी, आणि वर्ष लोटले असते तर दहा वर्षे. तिचा विद्यार्थी व्हिसाचा अर्ज त्यांनी मुदतीआधी भरून घेतला.

निघताना मी सहज बहिणीची पावती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली. माझ्या नावाची अक्षरे शेजारच्या मजकुरापेक्षा किंचित जाड होती. तीन अक्षरे आणि दहा आकड्यांचा तो क्रमांक त्यांनी सरकारी संकेतस्थळावर टाकला, तेव्हा तो कोणाच्या तरी ग्रीन कार्ड नूतनीकरणाचा निघाला. आमचा अर्ज कधी भरलाच गेला नव्हता. तपासायला मिनिटही लागत नव्हते, आणि मी हे तीन वर्षांत एकदाही केले नव्हते.

गृहस्थांचे कार्यालय पुढच्याच महिन्यात बंद झाले. मी राज्याच्या ग्राहक विभागाकडे तक्रार केली आहे. पैसे परत आलेले नाहीत. त्यापेक्षा रांगेतली जागा गेली ते अधिक लागते, कारण रांगेतला क्रमांक अर्ज सरकारदरबारी पोहोचल्या तारखेवरून लागतो, आणि आमची तारीख २०१९ ऐवजी २०२२ ची झाली.

बहिणीला फोनवर हे सांगितले, तेव्हा तिने पहिला प्रश्न भाच्याचा विचारला. तो २०१० चा. कायद्यात मुलाच्या वयातून वजावट मिळते ती अर्ज तपासणीत असलेल्या काळाची, रांगेत घालवलेल्या वर्षांची नव्हे. रांग अशीच राहिली तर तो एकवीसच्या पुढे जाईल, आणि २०१९ मध्ये अर्ज भरला असता तरी गेला असता. “मग दादा,” ती म्हणाली, “ते पाचशे डॉलर त्यांनी घेतले कशाचे?”