दहा मिनिटांत घरपोच किराणा : एका ग्राहकाचा हिशेब

नागपूरच्या धरमपेठेत राहणाऱ्या आणि गुडघ्यांमुळे बाजार सुटलेल्या माझ्यासारख्याला दहा मिनिटांत किराणा दारात आणून देणारी सेवा हवीहवीशी वाटली, यात नवल नाही. जानेवारीपासून मी अशाच एका सेवेचा ग्राहक आहे. दूध थंडगार येते, डाळी-पोह्यांची पाकिटे सीलबंद असतात आणि राहिलेल्या वस्तूचे पैसे तक्रार करताच परत मिळतात. कोथिंबीर मात्र मलूल निघते, आणि संत्री एकदाही धड आली नाहीत, हे नागपुरात तरी अक्षम्यच म्हणावे लागेल. लहान मागणीवर हाताळणी आणि पोहोच यांची जी आकारणी होते, तेवढे पैसे कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मागितले असते तर आपण त्याच्याशी भांडलो असतो.

ही दहा मिनिटे येतात कुठून, हा खरा प्रश्न आहे. माल विकला जाईपर्यंत भांडवल अडकून पडते, म्हणून ते अंतराला काळाच्या जोरावर संपवू पाहते, असे मार्क्सने १८५७-५८ च्या टिपणवह्यांत नोंदवले होते. इथे त्यासाठी वस्तीतच गोदाम थाटले आहे. उरलेले अंतर एक तरुण स्वतःच्या दुचाकीवर आणि स्वतःच्या पेट्रोलवर कापतो. मे महिन्यातल्या एका दुपारी पाणी पिताना तो म्हणाला, "काकाजी, पैसे फेरीचे भेटतात, तासाचे नाही." १८६७ च्या ‘भांडवल’मध्ये नगावर मिळणाऱ्या मजुरीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. अशी मजुरी असली की देखरेखीची गरज बरीचशी उरत नाही, कारण जास्त राबण्यात कामगाराला स्वतःचेच हित दिसू लागते, हा त्यातला मुद्दा त्या मुलाने एका वाक्यात सांगितला.

१८७७ मध्ये सुरू झालेल्या आपल्या एम्प्रेस मिलच्या कामगाराला निदान धरणे धरायला फाटक तरी होते. (त्या जागेवर आता मॉल आहे.) या मुलासमोर फक्त फोन आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराची, म्हणजे कायम नोकरीऐवजी सुटी कामे घेणाऱ्याची, व्याख्या केली खरी, पण तीच त्याला पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेर ठेवते. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये असे ७७ लाख कामगार देशात होते.

ॲपची रचना मात्र वाखाणण्याजोगी आहे, आणि माझी मुख्य तक्रार तिच्याविषयीच आहे. नकाशावर एक छोटी स्कूटर सरकत राहते आणि आपण तिच्याकडे पाहत मिनिटे मोजतो. माणसामाणसांतले नाते वस्तूंच्या नात्याचे रूप घेते, या मार्क्सच्या विचारावरून हंगेरियन तत्त्वज्ञ जॉर्ज लुकाच यांनी १९२३ मध्ये वस्तूकरणाची मांडणी केली. ती समजावून द्यायला याहून सोपे उदाहरण मला वर्गात कधी सापडले नव्हते. स्कूटर चौकात थांबली की मीही चिडतो. सिग्नल लाल असेल, हे नंतर सुचते.

शेवटी तारे मागितले जातात. मलूल कोथिंबिरीचा राग काढायला तेवढीच एक जागा असते, आणि तो निघतो पिशवी आणणाऱ्यावर, जरी ती जुडी गोदामात दुसऱ्याच कुणी भरलेली असते. म्हणून या सेवेला मी इथे पाचापैकी तीन तारे देतो, ॲपवर त्या मुलाला पाच देतो, आणि संत्री पुतण्याकडून संत्रा मार्केटमधून आणवतो.