दिवा विझला, पॅड मात्र जुनेच

ब्रेक पॅडच्या कामात फसवणूक होते ती बहुतेक मीटरवरच्या दिव्याच्या आडून. दिवा विझला की गिऱ्हाईक बिल भरून मोकळं होतं, चाक उघडून कोण बघतंय! बीएमडब्ल्यूच्या ई९० आणि एफ३० या थ्री सिरीज गाड्यांत हे असं चालतं.

पॅडची झीज ओळखणारे सेन्सर दोनच असतात, पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकाला, आतल्या पॅडमध्ये खोचलेले. प्लास्टिकच्या बोंडात तारेचा वेढा असतो. पॅड झिजला की बोंड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर घासतं, तार तुटते आणि दिवा लागतो. असा तुटलेला सेन्सर परत चालत नाही. तो तसाच ठेवला तर गाडी रीसेट घेत नाही, म्हणजे दिवा घालवून नव्याने मोजायला लागत नाही.

हात मारला जातो तो इथेच. बोंड कापायचं, दोन्ही तारा पिळून एक करायच्या, वर टेप गुंडाळून केबल टायने आत बांधून टाकायचं. गाडीला वाटतं सेन्सर नवाकोरा. रीसेट होतो, आणि बिलात पॅड, सेन्सर आणि वर ‘कोडिंग’ (म्हणजे हाच रीसेट) अशा तीन ओळी येतात. पॅड खरोखर बदलले असले तरी पुढच्या खेपेला सेन्सर इशारा देणारच नाही. बदलले नसतील तर पाठीची लोखंडी पट्टी डिस्कला चरे पाडते, मग डिस्कचाही भुर्दंड.

कोडिंगचे पैसे तर शुद्ध लूट. ब्रेक न दाबता स्टार्ट बटण दाबा, म्हणजे इंजिन सुरू न होता इग्निशन चालू होईल. मीटरवरचं ट्रिपचं बटण साधारण दहा सेकंद दाबून धरा. सर्व्हिसची यादी आली की एकेकदा दाबत ब्रेकच्या चिन्हावर या, मग दाबून धरा. रीसेट करू का असं विचारलं की बटण सोडून पुन्हा दाबून धरा. पुढचे आणि मागचे ब्रेक वेगवेगळे रीसेट होतात. नकार आला तर आधी सेन्सरचा प्लग बसलाय का पाहा. सेन्सर नवा असेल तर इग्निशन एखादं मिनिट चालू ठेवून मग प्रयत्न करा.

काम तपासायचं तर चाक काढायला लावा, १७ नंबरचा पाना लागतो. आऱ्यांतून फक्त बाहेरचा पॅड दिसतो, त्यावर जाऊ नका. पॅडपासून चाकाच्या कमानीतल्या प्लगपर्यंत वायर सलग हवी, मध्ये टेप किंवा जोड नको. जुना सेन्सर परत मागा. दिवा लागून बदललेल्या सेन्सरच्या बोंडाला बहुधा घासल्याची खूण असते.

छोट्या गाड्यांत बहुधा सेन्सरच नसतो, पॅडची पत्र्याची जीभ डिस्कला लागून किंचाळते. तिथे लाल दिवा लागतो तो हँडब्रेकचा किंवा ब्रेक ऑईल कमी झाल्याचा. पॅड झिजले की ऑईलची पातळी खाली येतेच. नुसतं ऑईल ओतून दिवा घालवला तर पुढे नवे पॅड घालताना पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलल्यावर तेच ऑईल डबीतून उतू जाऊन बोनेटखालचा रंग खातं.