बीटी 30 कॉम्पॅक्ट व्हीएमसी: एक उन्हाळा, एक पावसाळा आणि रोजचं जॉबवर्क

आधी मशीन काय आहे ते. व्हीएमसी म्हणजे उभ्या स्पिंडलचं, संगणकाने चालणारं मिलिंग मशीन. टेबल 600 × 300 मिमी, प्रवास एक्स 400, वाय 300, झेड 330. बीटी 30 स्पिंडल (बीटी 30 हे टूल होल्डरच्या निमुळत्या टेपरचं माप), 10,000 आरपीएम, 3.7 किलोवॉटची मोटर, 12 टूलचं अंब्रेला एटीसी (टूल आपोआप बदलणारी, छत्रीसारखी गोल यंत्रणा), तिन्ही अक्षांना एलएम गाइड (सरकत्या भागांचे रूळ), वजन दोन टनांच्या वर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या वर्गातली बहुतेक मशीनं थोड्याफार फरकाने अशीच असतात, आणि खालचं जवळजवळ सगळ्यांना लागू पडतं. काम भोसरीतल्या एका गाळ्यातलं आहे: ॲल्युमिनियम 6061 आणि 6082 चे ब्रॅकेट व फिक्स्चर प्लेट, ईएन 8 (मध्यम कार्बनचं स्टील) चे लोकेटर आणि जबडे, डेलरिन या प्लॅस्टिकचे गाइड, कधीमधी एसएस 304 (स्टेनलेस स्टील). लॉट वीस ते दोनशे नगांचे.

मत सुरुवातीलाच सांगतो. ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकला हे मशीन उत्तम, स्टीलला अटी घालून. त्या अटी कॅटलॉगच्या पहिल्या पानावर नसतात. तिथे आरपीएम आणि रॅपिड (न कापता अक्ष सरकण्याचा वेग) मोठ्या अक्षरांत छापलेले असतात.

रॅपिडचंच घ्या. मिनिटाला 24 मीटर की 36, यावर घेणारे तासभर वाद घालतात. ओळीने भोकं मारताना एका भोकातून दुसऱ्यावर जायचं अंतर असतं 30-40 मिमी. तेवढ्यात अक्षाला पूर्ण वेग गाठायलाच मिळत नाही, लगेच थांबावं लागतं. त्यापेक्षा टूल बदलायला लागणारा वेळ मोजा. अंब्रेला आणि आर्म टाइप (यांत्रिक हाताने टूलची अदलाबदल करणाऱ्या) एटीसीत एका बदलामागे पाचेक सेकंदांचा फरक धरा. एका नगाला सहा टूल आणि लॉट दोनशेचा असेल, तर 6 × 5 × 200 म्हणजे 6,000 सेकंद, पूर्ण 100 मिनिटं. लॉटचं काम असेल तर आर्म टाइपसाठी जास्तीचे पैसे मोजावेत. एकेक नगाचं टूलरूम काम असेल तर अंब्रेला पुरे.

ज्या आकड्याकडे कोणी बघत नाही तो म्हणजे स्पिंडल नोज (स्पिंडलचं खालचं तोंड) ते टेबल हे कमीत कमी अंतर. इथे ते 150 मिमी आहे. ईआर 25 कोलेटचा (टूल आवळून धरणाऱ्या बुशचा) आखूड होल्डर 60 मिमी आणि एंड मिल 30 मिमी बाहेर, म्हणजे टूलचं टोक नोजपासून 90 मिमी खाली. झेड पूर्ण खाली आणला तरी टोक टेबलापासून 60 मिमी वर लटकतं! 20 मिमीची प्लेट थेट टेबलावर क्लॅम्प करून फेस करायची (वरून सपाट करायची) म्हटलं तर टूल पोचतच नाही. उपाय म्हणजे 50 मिमी जाडीची ग्राइंड केलेली सब-प्लेट कायमची टेबलावर बसवणं, तिच्यात 50 मिमी अंतरावर एम 10 चे टॅप आणि डॉवेलची भोकं. ही प्लेट मशीनवरच करून घेता येते. पण तिचं वजन टेबलाच्या कमाल भारातून वजा करायचं, हे विसरू नका: 600 × 300 × 50 ची स्टील प्लेट 70 किलोच्या घरात जाते, ॲल्युमिनियमची साधारण 24 किलो.

वरच्या बाजूची अडचण उलटी. नोज ते टेबल कमाल 480. सब-प्लेट 50, त्यावर व्हाइस आणि पॅरलल मिळून 110, जॉब 60: इथेच 220 संपले. 12 मिमीचं जॉबर (नेहमीच्या लांबीचं) ड्रिल 151 मिमी लांब असतं. ते ड्रिल चकमध्ये धरलं की टूल बदलताना ड्रिलचं टोक जॉबच्या अगदी जवळून जातं. म्हणून लांब ड्रिल ईआर कोलेटमध्ये धरावीत, किंवा सरळ स्टब (आखूड) लांबीची घ्यावीत. 12 मिमीचं स्टब ड्रिल 102 मिमीचं असतं, कमी थरथरतं, सेंटर ड्रिलचीही गरज बहुतेक वेळा पडत नाही.

आता स्टीलच्या अटी. 3.7 किलोवॉट वाचून भुलू नये. हा आकडा बहुतेकदा 15 किंवा 30 मिनिटांच्या रेटिंगचा असतो. सतत चालायचं रेटिंग इथे 2.2 किलोवॉट आहे. टॉर्क काढायचा हिशोब सोपा: किलोवॉट गुणिले 9550 भागिले आरपीएम. मोटरचा बेस स्पीड (जिथून पूर्ण पॉवर मिळू लागते तो वेग) 1,500 धरला तर थोडा वेळ 23.5 न्यूटन-मीटर आणि सतत 14. बेस स्पीडच्या खाली टॉर्क वाढत नाही, तेवढाच राहतो. ईएन 8 मध्ये 20 मिमीचं एचएसएस (हायस्पीड स्टील) ड्रिल 320 आरपीएम आणि फेऱ्याला 0.25 मिमी फीडने चालवलं तर त्याला साधारण 25 न्यूटन-मीटर लागतात. स्पिंडल लोड 100 टक्क्यांच्या वर जातो, ओव्हरलोड अलार्म येतो आणि ड्रिल जॉबमध्ये अडकून बसतं. हेच भोक 12 मिमीच्या कार्बाइड ड्रिलने मारून एंड मिलने हेलिकल (मळसूत्री वाटेने) फिरवत मोठं केलं तर मशीनला काहीच कष्ट नाहीत. एकूण अनुभव असा की ईएन 8 मध्ये अख्खं भोक 16 मिमीपर्यंत ड्रिलने, त्यापुढे हेलिकल. टॅपिंग एम 12 पर्यंत आरामात. एम 16 चा नवा टॅप जातो, पण धार गेली की टॉर्क दुप्पट मागतो, म्हणून तिथे थ्रेड मिल (फिरत फिरत आटे कापणारं टूल).

फेस मिल 50 मिमीची, चार इन्सर्टची, पॉझिटिव्ह जॉमेट्रीची. ईएन 8 ला 1,150 आरपीएम, मिनिटाला 550 मिमी फीड, 1 मिमी खोली, 35 मिमी रुंदी, आवाज स्वच्छ. 63 मिमीची लावून 2 मिमी घेतले की करकर सुरू आणि फिनिशवर लाटा. बीटी 30 टेपरचा मोठा व्यास 31.75 मिमी, बीटी 40 चा 44.45, आडव्या ताकदीला तोंड देणारं अंगच लहान आहे, मोटर मोठी घेऊन ते बदलत नाही. स्टीलमध्ये एंड मिल खोल पण अरुंद चालवायची: 10 मिमीची चार फ्लूटची, खोली 10, रुंदी फक्त 1 मिमी, 3,800 आरपीएम, 760 फीड. कॅममध्ये (टूलची वाट आखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ॲडॅप्टिव्ह टूलपाथ असेल तर हे आपोआप होतं.

ॲल्युमिनियमला मात्र मशीन खुलतं. 10 मिमीची तीन फ्लूटची कार्बाइड, 9,500 आरपीएम, 2,300 फीड, 10 खोल, 4 रुंद: मिनिटाला 90 घन सेंटिमीटरच्या आसपास माल निघतो आणि हिशोबाने लागतो एकच किलोवॉट. एंड मिल बिनकोटिंगची, पॉलिश फ्लूटची किंवा डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनच्या) कोटिंगची. स्टीलसाठीची टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइड कोटिंगवाली इथे चालवू नका, त्या कोटिंगला ॲल्युमिनियम चिकटतं आणि फ्लूट भरून टूल मोडतं.

आणि इथूनच खरा त्रास सुरू होतो. मिनिटाला 90 घन सेंटिमीटर घन धातू म्हणजे चिपचा त्याच्या कितीतरी पट ढीग. कॉम्पॅक्ट मशीनला कन्व्हेयर नसतो, पुढे एक ओढायचा ट्रे असतो. चिप टेबलाच्या मागे, झेड कॉलमच्या पायाशी आणि टेलिस्कोपिक कव्हरवर साचते. ट्रेची जाळी तुंबली की कूलंट टाकीत न जाता पुढच्या कडेवरून फरशीवर येतं, आणि टाकीत पातळी कमी झाल्यामुळे पंप हवा ओढतो. वॉशडाउन गन हा पर्याय कॅटलॉगमध्ये वेगळा लावलेला असतो, तो घ्याच. एअर गनने कव्हरखाली फुंकणं बंद करा, बारीक चिप वायपरच्या आत शिरते. ॲल्युमिनियम आणि स्टीलची चिप एकत्र झाली तर भंगारवाला दोन्ही मिळून स्टीलच्याच भावाने उचलतो, म्हणून माल बदलताना ट्रे रिकामा करायची सवय पैशांतही परत मिळते.

कूलंटची टाकी 110 लिटरची. 7 टक्क्यांनी भरायला 7.7 लिटर तेल. आधी पाणी, मग त्यात तेल ओतत ढवळायचं. उलटं केलं तर गोळे होतात आणि दूध एकजीव होत नाही. रिफ्रॅक्टोमीटरशिवाय (कूलंटमधलं तेलाचं प्रमाण मोजणारं साधन) हे मशीन घेऊ नये. उन्हाळ्यात पाणी उडतं, तेल आणि क्षार मागे राहतात, रीडिंग 10 वर जातं. तेव्हा साध्या पाण्याऐवजी 2-3 टक्क्यांचं पातळ मिश्रण टाकावं. बोअरवेलचं जड पाणी किंवा टँकरचं पाणी वापरलं की काचेवर पांढरे डाग पडतात आणि इमल्शन फाटतं. गाइडला पडणारं 68 नंबरचं स्लाइडवे ऑइल शेवटी याच टाकीत उतरून वर तवंग धरतं. भोसरी-पिंपरी पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, म्हणून दर्प येतो शुक्रवारी सकाळी. तवंगाखाली हवा न मिळाल्याने वाढणारे जीवाणू हे त्याचं कारण. बेल्ट स्किमर (तवंग ओढून घेणारा पट्टा) लावला आणि सुट्टीच्या दिवशी माशांच्या टाकीचा छोटा एअर पंप टाकीत सोडून ठेवला की दर्प जवळजवळ थांबतो. पीएच 8.5 च्या खाली गेला तर मात्र टाकी उपसून धुणं हाच इलाज.

पावसाळ्यात गंज. जूनपासून ओला होल्डर मॅगझिनमध्ये रात्रभर राहिला तर टेपरवर सकाळी तांबूस ठिपके दिसतात, तेच स्पिंडलच्या आतल्या टेपरवर छापले जातात आणि रनआउट (फिरताना टूलचं डुलणं) वाढतो. शिफ्ट संपताना होल्डर पुसून, हलकं रस्ट प्रिव्हेंटिव्ह लावून ठेवणं, स्पिंडलमध्ये रात्री टूल न ठेवणं आणि सकाळी टेपर वायपर फिरवणं एवढं पुरतं. कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी ही पावसाळ्याची दुसरी भेट. ड्रॉबार (होल्डर स्पिंडलमध्ये धरणारा दांडा) 5.5 ते 6 बारवर चालतो. त्या लाइनमध्ये पाणी गेलं की सिलिंडरचे सील आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह खराब होतात. टाकीचं ड्रेन रोज, एफआरएल युनिट (हवेचा फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटर) मशीनजवळ, आणि शक्य असेल तर रेफ्रिजरेटेड ड्रायर.

विजेचं थोडक्यात. थ्री फेज 415 व्होल्ट, 15 केव्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर, मशीनसाठी स्वतंत्र अर्थिंग आणि न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज 2 च्या आत. कॉम्प्रेसर त्याच स्टॅबिलायझरवर घेऊ नका. एप्रिल-मे महिन्यांतल्या वळवाच्या दिवशी दुपारनंतर टॅपिंग ठेवू नये, कारण टॅप भोकात असताना लाइट गेली की झेडचा ब्रेक लागतो आणि टॅप तिथेच अडकतो. कंट्रोलरमध्ये रिजिड टॅपिंग रिट्रॅक्ट (अडकलेला टॅप उलटा फिरवून काढायची सोय) असेल तर सुटका. नसेल तर कोलेट नट सैल करून टॅप हातानेच उलटा काढावा लागतो.

मोजमाप घेताना उष्णतेचा हिशोब धरावाच लागतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये 38-40 अंश असतात. 100 मिमीचा ॲल्युमिनियमचा नग 40 अंशांना बरोबर मोजला तर ग्राहकाच्या 20 अंशांच्या क्वालिटी रूममध्ये तो 46 मायक्रॉनने लहान भरतो. स्टीलच्या बॉलस्क्रूचं 400 मिमीचं अंग 5 अंशांनी तापलं तर 23 मायक्रॉन वाढतं. सकाळी 2,000, 5,000, 8,000 आरपीएमवर पाच-पाच मिनिटं स्पिंडल फिरवून आणि अक्ष हलवून मगच झेड ऑफसेट (टूलच्या लांबीचं माप) घ्यावा. 0.02 मिमीच्या आतली कामं या मशीनवर होतात, पण सकाळच्या पहिल्या नगावर विश्वास ठेवून नाही.

बजेट करताना मशीनच्या किमतीच्या निदान पाव भागाएवढे पैसे टूलिंगला बाजूला ठेवा. ईआर 20 आणि ईआर 25 चे होल्डर चांगल्या बनावटीचे, टॉर्क रेंच (ईआर 20 नटला साधारण 80 न्यूटन-मीटर), 100 मिमीचे दोन प्रिसिजन व्हाइस, एज फाइंडर, टूल सेटर. 150 चा व्हाइस दिसायला दणकट, पण 300 च्या टेबलावर जबडा उघडला की पुढे दाराकडे येतो. पुल स्टड (होल्डरच्या मागचा, ड्रॉबारच्या पकडीत जाणारा खुंट) 45 अंशांचा की 60 चा हे मशीनच्या मॅन्युअलमध्ये बघून एकाच प्रकारचे घ्या. दोन्ही मिसळले तर ग्रिपर नीट पकडत नाही आणि फिरतं टूल सुटू शकतं.

ताबा घेताना सर्व्हिस इंजिनिअर समोर असतानाच करायच्या तपासण्या: 0.02 मिमी प्रति मीटरच्या लेव्हलने लेव्हलिंग. टेस्ट मँड्रेलला डायल लावून नोजजवळ 5 मायक्रॉन आणि 300 मिमीवर 15 मायक्रॉनच्या आत रनआउट. स्पिंडलला डायल बांधून 250 मिमी वर्तुळात टेबलाचा काटकोन. आणि शेवटी 100 मिमीचं वर्तुळ कापून त्याची गोलाई. वर्तुळावर चार ठिकाणी, अक्ष दिशा बदलतो तिथे, पायरी दिसली तर बॅकलॅश कॉम्पेन्सेशन (दिशा बदलतानाच्या ढिलाईची भरपाई) भरून घ्या. मशीन गाळ्यात यायच्या आधी शटरची उंची आणि हायड्राला (क्रेनला) वळायला जागा आहे का ते मोजा, आणि वरच्या मजल्यावरचा गाळा असेल तर स्लॅबची क्षमता स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या.

ज्यांचं निम्म्याहून जास्त काम ईएन 24 (जास्त कठीण मिश्र स्टील) किंवा एसएसमध्ये आहे, किंवा 300 मिमीपेक्षा लांब प्लेट रोज येतात, त्यांनी हे घेऊ नये. त्याच पैशांत वापरलेलं बीटी 40 बघावं, बॉलस्क्रू आणि स्पिंडल बेअरिंग तपासून.

पॅरामीटर, पीएमसी लॅडर (मशीनचा आतला लॉजिक प्रोग्राम) आणि पिच एरर कॉम्पेन्सेशन (बॉलस्क्रूच्या चुकीची भरपाई) यांचा बॅकअप पहिल्याच दिवशी यूएसबीवर घेऊन दोन ठिकाणी ठेवा. कंट्रोलरची आणि ॲब्सोल्यूट एन्कोडरची (अक्षाची जागा लक्षात ठेवणाऱ्या सेन्सरची) बॅटरी अलार्म आल्या आल्या बदलायची, आणि मशीनची वीज चालू ठेवूनच. बंद करून काढली तर मेमरी किंवा होम पोझिशन जाते, आणि मग सर्व्हिसचा माणूस येईपर्यंत मशीन उभं राहतं.