एसयूव्हीतली घूं-घूं नेमकी कुठून येते: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमची सात आसनी डिझेल एसयूव्ही शहरात छान शांत चालते. पण संभाजीनगरजवळच्या सावंगीच्या इंटरचेंजवरून समृद्धीवर चढलं आणि काटा 60 वर गेला की मागून सलग घूं-घूं सुरू व्हायची. 100 ला ती इतकी वाढायची की मधल्या रांगेत बसलेल्या आईशी बोलताना आवाज चढवावा लागायचा. नागपूरपर्यंत असं ऐकत गेलं की उतरल्यावरही डोकं जड असायचं. गाडी बाकी सगळ्या बाबतीत मनासारखी आहे, म्हणूनच या आवाजाचा छडा लावायचं ठरवलं.

सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळालं, ‘एवढा आवाज प्रत्येक एसयूव्हीत असतोच.’ ॲक्सेसरीजच्या दुकानात सांगितलं, चारही दरवाजे आणि फ्लोअर डॅम्पिंग करून घ्या, म्हणजे पत्र्याला आतून आवाज दाबणाऱ्या शीट चिकटवा. दोघांपैकी कुणीही गाडी रस्त्यावर नेऊन ऐकली नव्हती. आवाज कुठून येतो हे माहीत नसताना त्यावर उपाय विकत घेण्यात अर्थ नाही, आणि ज्यांना हा त्रास आहे त्यांना हीच गोष्ट मला सगळ्यात आधी सांगायची आहे.

पहिला प्रश्न रस्त्याचा. समृद्धीचा बहुतेक भाग काँक्रीटचा आहे. पाणी निघून जावं आणि पकड राहावी म्हणून काँक्रीटवर आडव्या बारीक खाचा पाडलेल्या असतात, त्यामुळे डांबरापेक्षा टायर जास्त गातो. शिवाय काँक्रीटचे जोड साधारण साडेचार मीटरवर येतात. 100 च्या वेगाला सेकंदाला सहा ठोके पडतात. ती टप-टप रस्त्याची असते, गाडीला दोष देऊ नये. मी मुद्दाम चांगल्या डांबरी रस्त्यावर त्याच वेगाने गाडी चालवून पाहिली. टप-टप गेली, घूं-घूं मात्र थोडी कमी होऊन टिकून राहिली. म्हणजे गाडीत काहीतरी होतंच.

मग इंजिन. 80 चा वेग धरून आधी पाचवा, मग सहावा गिअर टाकला. आरपीएम बदलले, आवाज बदलला नाही. इंजिन आणि टर्बो सुटले.

वाऱ्यासाठी दरवाज्यांच्या फटी, आरशांची मुळं आणि रूफ रेलचे जोड रंगकामाच्या मास्किंग टेपने बंद केले. टेप स्वस्त असते आणि रंगाला धक्का न लावता निघते. समोरच्या डाव्या दरवाज्याची बारीक शिट्टी थांबली, तिथलं रबर बीडिंग कोपऱ्यात दबलं होतं. मूळ आवाज तसाच. तसंही वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा आवाज ढोबळमानाने 15 ते 18 डेसिबलने चढतो, टायरचा 9 ते 12 ने. जो आवाज 60 लाही स्पष्ट ऐकू येतो, त्यात वाऱ्याचा वाटा फार नसतो.

इथून पुढे मोबाइल खरा कामी आला. आवाजात कुठला सूर किती जोरात आहे हे हर्ट्झच्या पट्टीवर आलेखाने दाखवणारं एक मोफत ॲप घेतलं. मोबाइलचा डेसिबलचा आकडा अचूक धरू नका. पण फोन तोच, जागा तीच, रस्त्याचा तुकडा तोच आणि काचा बंद असतील तर दोन नोंदींमधला फरक भरवशाचा असतो. आमचे टायर 235/65 आर 17, म्हणजे चाकाचा परीघ जवळपास 2.3 मीटर. 80 ला चाक सेकंदाला साडेनऊ फेरे मारतं. ट्रेडवर, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर, गोलाकार साठ-सत्तर ठोकळे धरले तर ठोकळ्यांचा आवाज 600 हर्ट्झच्या थोडा पुढे पडायला हवा. पट्टीवर उंचवटा तिथेच दिसत होता आणि वेग वाढवला की तो उजवीकडे सरकत होता. दुसरा एक उंचवटा 190 च्या आसपास कायम ठाण मांडून होता, वेग कितीही असो. तो टायरच्या पोकळीतल्या हवेचा स्वतःचा सूर. टायरच्या मापावरून हिशेब केला तरी तो तिथेच येतो. जोडावर किंवा खड्ड्यात चाक आपटलं की जो ‘टणन’ आवाज आत येतो, तो हाच.

सरकणारा उंचवटा फिरणाऱ्या भागाचा, इथपर्यंत ठीक. पण बेअरिंगही चाकाबरोबरच फिरतं. त्यात पावसाळ्यात गाडी तुंबलेल्या पाण्यातून गेलेली, त्यामुळे ही शंका सोडता येत नव्हती. त्याची परीक्षा अशी: मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कुणी नसताना, स्टिअरिंग हलकेच डावीकडे, मग उजवीकडे. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. उजवं बेअरिंग गेलेलं असेल तर तेव्हा घरघर वाढते आणि उलट वळणाला कमी होते. आमच्याकडे काहीच फरक पडेना. खात्रीसाठी मेस्त्रीने मागची चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवली आणि सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बोटं ठेवली. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगला कंप जाणवतो. स्प्रिंग शांत होती.

छडा लागला तो टायरवाल्या काकांकडे. त्यांनी मागच्या टायरच्या ट्रेडवरून तळहात एका दिशेने फिरवायला लावला, मग उलट दिशेने. एकीकडे गुळगुळीत, दुसरीकडे करवतीच्या दात्यांसारखे टोचणारे कंगोरे. प्रत्येक ठोकळ्याची एक कड झिजलेली, दुसरी उभी. नुसतं पाहून हे कळत नाही, ट्रेडची खोली मोजली तर भरपूर शिल्लक दिसते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत मागची चाकं नुसती ओढली जातात, भारही बहुतेक वेळा कमी, म्हणून तिथे ही झीज जास्त होते. चाकांच्या जागा बदलल्या नाहीत किंवा टो (चाकं सरळ रेषेपासून आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) बिघडला की ती वेग घेते. अलाइनमेंटच्या मशीनवर मागचा टो मर्यादेबाहेर निघालाच. त्यात पंपावर भरलेली हवा 40 च्या घरात; दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर 33 लिहिलेलं. जास्त हवेचा टायर कडक होतो आणि रस्त्याचा प्रत्येक खडा आत कळवतो.

पैसे खर्च करण्याआधी पुढची चाकं मागे, मागची पुढे केली. दुसऱ्या दिवशी महामार्गावर आवाज थेट पायांपाशी आला! एवढा स्वच्छ पुरावा दुसऱ्या कशानेही मिळाला नसता. टो आणि हवा दुरुस्त केली तरी झिजलेले कंगोरे काही परत बसत नाहीत. शेवटी नवे टायर घेतले, ऑल-टेरेन नको, हायवेचे. युरोपातल्या लेबलवर टायरचे डेसिबल छापलेले असतात, निवडताना ते पाहिले. पण ते माप बाहेर, रस्त्याच्या कडेला लावलेल्या मायक्रोफोनचं असतं, गाडीच्या आतलं नव्हे, हे लक्षात ठेवून. सरकणारा उंचवटा पट्टीवर जवळजवळ दिसेनासा झाला आणि आई पहिल्यांदाच सिंदखेडराजाच्या पुढेपर्यंत गप्पा मारत आली.

आवाज पूर्ण गेला असं मात्र नाही. खरबरीत डांबरावर डिकीकडून एक खर्जातला घुमारा यायचा. सात आसनी गाडीत डिकी आणि माणसं यांच्यात आडपडदा नसतो, मागची रांग दुमडली की सगळी एक मोठी पेटीच. डॅम्पिंगचा विचार इथे आला, आणि त्याचीही आधी फुकट परीक्षा घेतली: घरातल्या जाड गोधड्या डिकीच्या तळावर आणि मागच्या चाकांवरच्या फुगीर भागावर पसरल्या. फरक सगळ्यांना कळला. दरवाज्यांना गोधड्या बांधून पाहिल्या, तिथे काहीच कळला नाही. म्हणून चार दरवाज्यांचं काम केलंच नाही. फक्त डिकीचा तळ, स्टेपनीचा खळगा आणि मागच्या दोन कमानी केल्या. पत्र्याला ब्युटाइल रबराची शीट, कारण ती पत्र्याचा कंप मारते. वर जड थर आणि फोम, कारण हवेतून येणारा आवाज नुसत्या ब्युटाइलने अडत नाही. 2 मिलिमीटरची शीट चौरस मीटरला तीनेक किलो भरते, सगळी गाडी मढवायची तर तेवढं वजन कायम वाहायचं. दरवाजे करणारच असाल तर खालची पाणी निघायची भोकं बुजू देऊ नका, पत्रा आतून गंजतो.

पावसाळा, हिवाळा आणि आता ऊन, असं सगळं या जोडणीवर काढून झालं. ऊन तापलं तरी शीटचा वास आला नाही, कडा सुटल्या नाहीत. घूं-घूं परतलेली नाही. 190 चा ‘टणन’ तसाच आहे, त्याला आत फोम चिकटवलेले टायर मिळतात, पण आमच्या मापात मिळाले नाहीत. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांच्या जागा बदलतो, थंड टायरला 33 हवा भरतो आणि तळहात दोन्ही दिशांनी फिरवून पाहतो. खर्चात सगळ्यात मोठा वाटा टायरचा, मग डॅम्पिंगचा. सगळ्यात जास्त उपयोगी ठरलेली अदलाबदल मात्र काही शे रुपयांत झाली. नवी गाडी घेणाऱ्यांनी टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवतीच्या गल्ल्यांत घेऊ नये. काँक्रीटचा एखादा पट्टा गाठा, 100 चा वेग धरा आणि स्वतः मागच्या रांगेत बसा.