साताऱ्यातील बी.एड. सीईटी वर्गात दहा आठवडे : एका विद्यार्थिनीचा अभिप्राय

बी.एड.च्या प्रवेश परीक्षेसाठी वर्ग लावावा का, आणि लावायचा तर त्यात काय पाहावे, असे गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या पाच-सहा मुलींनी मला विचारले. प्रत्येकीला फोनवर तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. साताऱ्यातील एका खासगी वर्गात मी डिसेंबर ते फेब्रुवारी असे दहा आठवडे शिकले आणि आता बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गाचे नाव मी लिहिलेले नाही. माझा अनुभव एका बॅचपुरता आहे आणि एवढ्या अनुभवावर कोणाच्या नावाला बट्टा लागावा, असे मला वाटत नाही. शिवाय असे वर्ग आता जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या गावी आहेत आणि येथे लिहिलेल्या गोष्टी त्यांपैकी कोणत्याही वर्गात पैसे भरण्यापूर्वी तपासून पाहता येतील.

माझी परिस्थिती आधी सांगते, कारण त्यावरून वाचणाऱ्याला स्वतःचा अंदाज बांधता येईल. गणित विषय घेऊन बी.एस्सी. झाल्यावर मी तीन वर्षे एका पतसंस्थेत नोकरी केली. संध्याकाळी शेजारची चार-पाच मुले गणितासाठी घरी येत आणि पतसंस्थेतील आठ तासांपेक्षा त्या एका तासाची मी जास्त वाट पाहत असे. घर कोरेगाव तालुक्यात असल्याने सगळे वेळापत्रक एसटीवर अवलंबून होते. वर्ग सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी साडेपाच ते साडेसात आणि शनिवारी दुपारी तीन तास असे. फी दोन हप्त्यांत ८,००० रुपये होती आणि तिच्यात नोट्स व दहा सराव परीक्षा धरलेल्या होत्या. बॅचमध्ये आम्ही तीसजण होतो. त्यांत पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले होती, तशाच दहा-बारा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या गृहिणीही होत्या.

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडून घेतल्या जाणाऱ्या या परीक्षेत १०० गुणांचे १०० प्रश्न असतात व त्यांसाठी ९० मिनिटे मिळतात. बौद्धिक क्षमतेवर ४०, सामान्य ज्ञानावर ३० आणि शिक्षक अभियोग्यतेवर ३० अशी प्रश्नांची विभागणी असते. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात प्रवेश हवा असेल, तर इंग्रजी भाषेची वेगळी चाचणीही द्यावी लागते. ती मी दिली नाही, त्यामुळे तिच्या तयारीविषयी येथे काही लिहीत नाही.

बौद्धिक क्षमतेचे तास उत्तम झाले. शिकवणारे सर तरुण होते आणि स्पर्धा परीक्षांचा त्यांचा सराव दांडगा होता. प्रत्येक प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद मिळतात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले आणि दहा आठवडे तो आकडा पुसू दिला नाही. अंकमालिका, सांकेतिक भाषा, नातेसंबंध, दिशा आणि घड्याळ अशा प्रत्येक प्रकाराला ते तीन दिवस देत असत. पहिल्या दिवशी घाई न करता रीत समजावून घ्यायची, दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून सोडवायचे आणि तिसऱ्या दिवशी फक्त आपापल्या चुकलेल्या प्रश्नांची वही उघडायची, असा त्यांचा क्रम होता. आमच्या बॅचमधील गृहिणींना गणिताची धास्ती होती आणि सरांनी ती फार धीराने घालवली. नातेसंबंधाचे प्रश्न त्या आमच्याआधी सोडवू लागल्या, तेव्हा कधी कधी सर त्यांनाच फळ्यापाशी बोलावून रीत सांगायला लावत.

सामान्य ज्ञानाच्या बाबतीत वर्ग कमी पडला. छापील नोट्स जुन्या होत्या. पुरस्कार आणि नेमणुका दोन वर्षांपूर्वीच्या होत्या आणि राज्यातील जिल्ह्यांची संख्या एका पानावर ३५ व दुसऱ्यावर ३६ अशी दिली होती. पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला, त्यामुळे हे पान किती वर्षे तसेच छापले जात होते, हे सहज समजत होते. या विभागासाठी रोजचे मराठी वृत्तपत्र, शालेय इतिहास-भूगोलाची पाठ्यपुस्तके आणि एक चांगले वार्षिक संदर्भपुस्तक पुरेसे आहे. त्यासाठी स्वतंत्र पैसे मोजण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत झाले.

शनिवारच्या तीन तासांविषयी मात्र मी थोडे सविस्तर लिहिणार आहे.

शिक्षक अभियोग्यता हा विभाग एक निवृत्त मुख्याध्यापिका घेत. आम्ही सर्वजण त्यांना बाई म्हणत असू. इतरत्र या विभागाची तयारी म्हणजे प्रश्नांचे संच पाठ करणे असते. ‘वर्गात एखादा विद्यार्थी सतत बोलत असेल तर तुम्ही काय कराल’ असा प्रश्न घ्यायचा आणि चार पर्यायांतील सर्वांत सौम्य पर्याय निवडायचा, एवढेच शिकवले जाते. बाईंनी हे संच आम्हाला घरी सोडवायला दिले आणि शनिवार फळ्यासाठी राखून ठेवला. प्रत्येकाने सहा मिनिटांत एक छोटा घटक शिकवायचा, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचे आणि बाई शेवटच्या बाकावर बसून ऐकणार, अशी पद्धत होती. या परीक्षेत कोणालाही फळ्यापाशी उभे राहावे लागत नाही, म्हणून सुरुवातीला काहीजणांनी हा वेळेचा अपव्यय असल्याची तक्रारही केली.

माझी पाळी दुसऱ्या शनिवारी आली. मी भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज घेतली होती. गणित माझा हातखंडा विषय असल्याने मी निर्धास्त होते. फळ्यावर १/२ + १/३ लिहिले, लसावि ६ काढला, ३/६ + २/६ असे रूपांतर केले, उत्तर ५/६ आले आणि वर्गाकडे वळून मी विचारले, “समजलं ना?” सर्वजण एका सुरात हो म्हणाले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून बाईंनी विद्यार्थ्यासारखा हात वर केला.

“बाई, वरचे वर आणि खालचे खाली मिळवले तर २/५ येतात. ते का नाही चालत?”

मी म्हणाले, “तसं करायचं नसतं.”

“का नसतं?”

खडू हातात धरून मी तशीच उभी राहिले. पदवीपर्यंत गणित शिकले होते, या रीतीने हजारो उदाहरणे सोडवली होती. परंतु ती चुकीची वाट चुकीची का आहे, हे दहा वर्षांच्या मुलाला पटेल अशा एका वाक्यात मला सांगता येईना. बाई उठून पुढे आल्या आणि त्यांनी फळ्यावर एक गोल काढून त्याचा अर्धा भाग रंगवला. “अगं, ही अर्धी भाकरी. तिच्यात तू आणखी एक तुकडा ठेवलास. आता मला सांग, २/५ म्हणजे अर्ध्याहून कमी. तुकडा घातल्यावर भाकरी कमी कशी झाली?” वर्गात क्षणभर कोणी बोलले नाही, आणि मग मागे बसलेल्या एका गृहिणीने “खरंच की!” असे मोठ्याने म्हटले.

त्यानंतर बाईंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. ‘समजलं ना’ या प्रश्नाला मुले नेहमी हो म्हणतात, कारण नाही म्हणणाऱ्याकडे सगळा वर्ग पाहतो. म्हणून समजले का ते विचारू नये, समजल्याशिवाय करता येणार नाही असे काहीतरी करायला द्यावे. माझी दुसरी पाळी चार आठवड्यांनी आली. तेव्हा मी तोच घटक कागदाच्या पट्ट्या घडी घालून शिकवला आणि शेवटी प्रत्येकाला, उत्तर एकापेक्षा मोठे येईल अशा दोन अपूर्णांकांची जोडी शोधायला सांगितली. चौघांना ती जमली नाही. त्यांना काय समजलेले नाही, हे त्यामुळे मला तिथल्या तिथे कळले.

आता महाविद्यालयात सूक्ष्म अध्यापन, म्हणजे काही मिनिटांच्या छोट्या पाठांतून शिकवण्याचा सराव, सुरू झाल्यावर बाईंच्या शनिवारांचा अर्थ मला अधिक उमगला आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या या पद्धतीचे जे रूप आपल्याकडे रूढ आहे, त्यात सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुनराध्यापन आणि सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण असे ३६ मिनिटांचे चक्र असते. बाईंनी यातील एकही संज्ञा न वापरता तेच चक्र काही आठवड्यांवर पसरवून आमच्याकडून करून घेतले होते. प्रस्तावना, प्रश्न विचारणे, फलक लेखन, प्रबलन (मुलांच्या प्रतिसादाला प्रोत्साहन देणे) या कौशल्यांचे पाठ टाचण काढताना माझ्या वर्गातील इतर छात्राध्यापकांना जे अवघडलेपण येते, ते माझे सीईटीच्या वर्गातच सरले होते. परीक्षेतही फायदा झाला. अभियोग्यतेच्या प्रश्नांत दोन पर्याय सारखेच सौम्य वाटत, तेव्हा यांपैकी कोणत्या उत्तराने मूल पुढे विचार करील, असे स्वतःला विचारले की निवड सोपी होत असे.

सराव परीक्षांबद्दल माझी तक्रार आहे. प्रत्यक्ष परीक्षा संगणकावर होते. आमच्या दहाही सराव परीक्षा मात्र छापील प्रश्नपत्रिकेवर झाल्या. कागदावर मी अडलेल्या प्रश्नाभोवती पेन्सिलीने गोल करून पुढे जात असे. परीक्षा केंद्रावर पडद्याच्या कोपऱ्यात उलटे धावणारे घड्याळ आणि उजवीकडे प्रश्नक्रमांकांचे रंगीत चौकोन पाहून माझी पहिली काही मिनिटे गोंधळात गेली. शेवटचे सहा प्रश्न मी न वाचताच भरले. गुण वजा होत नसल्याने भरणे योग्यच होते, पण ते वाचायला वेळ मिळायला हवा होता. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत तरी मुलांनी संगणकावर वेळ लावून सराव करावा. वर्ग तशी सोय करत नसेल, तर गावातील एखाद्या संगणक केंद्रात बसून करावा.

दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. वर्गाच्या माहितीपत्रकात ‘बी.एड.नंतर पहिली ते बारावीपर्यंत शिक्षक होण्याची संधी’ असे छापले होते आणि चौकशीच्या वेळीही तेच सांगितले गेले. ही माहिती चुकीची आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१८ मध्ये बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले होते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिलेल्या निकालानंतर तो मार्ग बंद झाला. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी डी.एल.एड. म्हणजे पूर्वीचे डी.एड. ही पदविका लागते. बी.एड.चा उपयोग सहावीपासून पुढे होतो. आठवीपर्यंतच्या नेमणुकीसाठी शिक्षक पात्रता परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते आणि अकरावी-बारावीसाठी बी.एड.बरोबर त्या विषयातील पदव्युत्तर पदवी लागते. आमच्या बॅचमधील एका मुलीला केवळ लहान मुलांनाच शिकवायचे होते. हे तिला सहाव्या आठवड्यात बाईंकडून कळले. तिने फी परत मागितली, तेव्हा फक्त दुसरा हप्ता माफ झाला. पैशांपेक्षा तिचे एक वर्ष हुकले, याचे मला अधिक वाईट वाटते. ज्यांच्या घरी बारावीचे मूल आहे आणि त्याला शिक्षक व्हायचे आहे, त्यांनी पदवी आणि बी.एड. एकत्र असलेल्या चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचीही चौकशी करावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, २०३० पर्यंत तीच शिक्षकाची किमान पात्रता असावी, असे म्हटले आहे. आमच्या वर्गात याचा उल्लेखही झाला नाही.

कार्यालयातील काकांचे काम मात्र चोख होते. प्रवेश फेऱ्यांसाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी त्यांनी डिसेंबरमध्येच हाताने लिहून सर्वांना दिली. जात वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची छायाप्रत आताच काढून ठेवा, नॉन क्रीमीलेअर दाखल्यावर कोणत्या ३१ मार्चपर्यंतची मुदत आहे ते पाहा, पदवीचे सर्व सत्रांचे निकाल एकत्र ठेवा, असे ते प्रत्येकाला बोलावून सांगत. एकीच्या दाखल्याची मुदत प्रवेशापूर्वीच संपणार होती. ते त्यांनी तिच्या लक्षात आणून दिले. मला दुसऱ्या फेरीत जिल्ह्यातच प्रवेश मिळाला, त्यात काकांच्या यादीचा मोठा वाटा आहे.

ज्याला घरी बसून नियमित अभ्यास जमतो आणि ज्याचे गणित बरे आहे, त्याला केवळ परीक्षेसाठी या वर्गाची गरज नाही. शिक्षण सुटून बरीच वर्षे झाली असतील, किंवा आपल्याला खरोखर शिकवायचे आहे की केवळ सुरक्षित नोकरी हवी आहे हे मनाशी ठरत नसेल, तर फी भरावी. बी.एड. आता दोन वर्षांचे आहे, त्यात २० आठवडे प्रत्यक्ष शाळांशी संबंधित कामाचे असतात, आणि हे आपले काम नव्हे हे तिथे पोहोचल्यावर कळणे फार महागात पडते. यंदाच्या बॅचपासून शनिवारचे तास ऐच्छिक केले असून त्यांचे १,५०० रुपये वेगळे घेतात, असे मी ऐकले आहे. ते पैसे वाचवू नयेत. नाव नोंदवतानाच बाई स्वतः येणार आहेत का ते विचारून घ्यावे आणि पहिल्या किंवा दुसऱ्या शनिवारची पाळी मागावी, कारण तीसजणांत प्रत्येकाला दोनदाच फळा मिळतो आणि पहिला पाठ फसल्यावर दुसऱ्यापूर्वी हाताशी पुरेसे दिवस असावे लागतात.