सात हजार डॉलरची एम.एस.: जॉर्जिया टेकच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाविषयी

माझ्यासमोर दोन प्रवेशपत्रे होती. एक क्रमवारीत अगदी वर असलेल्या अमेरिकन खासगी विद्यापीठाचे, जिथे एका वर्षाची फीच 50 हजार डॉलरच्या पुढे जात होती आणि राहण्याजेवणाचा खर्च वेगळा होता. दुसरे अटलांटातील जॉर्जिया टेक या विद्यापीठाच्या ओएमएससीएस, म्हणजे संगणकशास्त्रातील ऑनलाइन एम.एस. या अभ्यासक्रमाचे, ज्याची संपूर्ण पदवी सुमारे 7 हजार डॉलरमध्ये, म्हणजे साधारण सहा लाख रुपयांत पूर्ण होते. घर तारण ठेवून कर्ज काढायला वडील तयार होते, मी नव्हतो. पुण्यातील नोकरी न सोडता मी दुसरा पर्याय स्वीकारला आणि आता आठ विषय पूर्ण झाल्यावर हे लिहीत आहे.

वरच्या क्रमांकाचे विद्यापीठ सोडून मी ‘खालच्या क्रमांकाचे’ निवडले, असे कोणी म्हणेल; पण हे विशेषण येथे जपूनच वापरावे लागते, कारण जॉर्जिया टेकचा संगणकशास्त्र विभाग अमेरिकेतील पहिल्या दहांत गणला जातो. जानेवारी 2014 मध्ये युडॅसिटी या ऑनलाइन शिक्षण कंपनीच्या सहकार्याने आणि एटी अँड टी या दूरसंचार कंपनीच्या 20 लाख डॉलरच्या मदतीने हा अभ्यासक्रम सुरू झाला. प्रवेशाचे दार रुंद ठेवून गाळणी अभ्यासाला लावावी, असे त्याचे धोरण दिसते. जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागत नाही, मात्र पहिल्या वर्षात दोन पायाभूत विषयांत किमान बी श्रेणी मिळवावी लागते आणि अनेकांची हौस तिथेच फिटते. एकूण दहा विषय, 30 श्रेयांक (क्रेडिट). पदवीपत्रावर ‘ऑनलाइन’ हा शब्द नसतो.

अभ्यासाचा कस खरा आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या विषयात सी या प्रोग्रॅमिंग भाषेत मल्टिथ्रेडेड, म्हणजे एकाच वेळी अनेक कामे हाताळणारा फाइल सर्व्हर लिहिण्यापासून सुरुवात होते आणि शेवटी जीआरपीसी या संगणकांमधल्या संवादाच्या तंत्रावर आधारित वितरित, म्हणजे अनेक संगणकांवर पसरलेली फाइल सिस्टिम उभी करावी लागते; दहा वर्षे नोकरी करूनही संगणकाच्या मेमरीविषयीचे माझे अज्ञान या प्रकल्पांनीच उघडे पाडले. अटलांटात रविवारची मध्यरात्र होते तेव्हा पुण्यात सोमवारचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात, त्यामुळे मुदतीचे शेवटचे तास आणि कचेरीतली आठवड्याची पहिली बैठक यांची गाठ पडतेच.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. व्याख्याने आधीच ध्वनिचित्रमुद्रित केलेली असल्यामुळे प्राध्यापकांशी थेट संबंध फारसा येत नाही आणि शंकानिरसनाचा बहुतेक भार सहायक अध्यापकांवर असतो. (प्रा. अशोक गोयल यांनी 2016 मध्ये ‘जिल वॉटसन’ हा आभासी सहायक याच अभ्यासक्रमात आणला होता आणि उत्तरे यंत्र देत आहे, याचा विद्यार्थ्यांना पत्ता नव्हता.) प्राध्यापकांशी थेट संबंध नसल्यामुळे पीएच.डी.साठी वजनदार शिफारसपत्र मिळवणेही अवघड होते. शिवाय श्रेयांकांच्या फीखेरीज दर सत्राला वेगळे शुल्क असल्याने, प्रत्येक सत्रात एकच विषय घेणाऱ्याचा एकूण खर्च वाढतो.

सर्वांत मोठी मर्यादा व्हिसाची. या प्रवेशावर एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही आणि त्यासोबत येणारी ओपीटीची, म्हणजे शिक्षणाशी निगडित नोकरी तिथे काही काळ करण्याच्या परवानगीची संधीही नाही. अमेरिकेत जाऊन नोकरी करणे हाच ज्याचा हेतू असेल त्याने मला न विचारता त्या महागड्या विद्यापीठाचा विचार करावा. तिथल्या फीत वर्गाइतकीच त्या देशातल्या वास्तव्याचीही किंमत धरलेली असते, आणि मला तीच नको होती.

माझे दोन विषय उरले आहेत. त्यांतला एक ग्रॅज्युएट अल्गोरिदम्स. नोंदणीत अधिक श्रेयांक असणाऱ्यांना आधी जागा मिळत असल्यामुळे बहुतेकांप्रमाणे तो माझ्याही वाट्याला शेवटीच आला आहे.